मुलांना परीक्षा द्यावयास शिकवावे काय?

इंग्लंडात मे महिना लागला की प्राथमिक शाळांतील सहावीच्या वर्गांत टेबले एकमेकांपासून दूर सरकवली जातात, भिंतींवरचे तक्ते कागदाने झाकले जातात, आणि दहा-अकरा वर्षांची मुले चार दिवस परीक्षेला बसतात. व्याकरण व शुद्धलेखन, वाचन आणि गणिताचे तीन पेपर असा हा मामला असतो. लोक या परीक्षेला 'सॅट्स' म्हणतात. महिना-दीड महिना आधीपासून आमच्याकडे फोन येऊ लागतात. केंब्रिजच्या प्राथमिक शाळेत आमची नोकरी झाली. आता निवृत्त होऊन काही वर्षे लोटली, तरी आपल्या मराठी घरांतून, मग ती आपल्या समाजाची असोत वा इतरांची, एकच प्रश्न येतो : "मुलाला परीक्षेचे तंत्र शिकवू का?"

प्रश्न साधा आहे, परंतु विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा संकोच असतो. जणू तंत्र शिकवणे म्हणजे चोरवाट दाखवणे. आमच्या पिढीच्या मनात हे पक्के बसले आहे. आम्ही मुंबईस शिकलो. तेथे गुरुजींचे सांगणे असे की अभ्यास केला असेल तर पेपर आपोआप सुटतो आणि नसेल केला तर देव आला तरी सुटत नाही. त्याच मुंबईत गाइडे आणि 'अपेक्षित' प्रश्नसंच रस्त्यारस्त्यांवर विकले जात, हा भाग निराळा. म्हणजे एकीकडे तंत्राला नाके मुरडावयाची आणि दुसरीकडे गुपचूप तेच विकत घ्यावयाचे, असा आपला दुहेरी व्यवहार फार जुना आहे.

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण अशा वेळी हमखास ऐकवली जाते. म्हण खोटी नाही. पण रेवदंड्याला, नवगावला किंवा पेणला ज्यांच्या वाडीत आड होता त्यांना विचारा. आड तुडुंब भरलेला असतो आणि पोहरा गळका असतो किंवा दोर दोन हात आखूड पडतो, असेही घडते. अशा वेळी आडाला दोष देऊन काय उपयोग? वर्गात आम्ही असली मुले पुष्कळ पाहिली. 'दोन योग्य उत्तरांवर खूण करा' असे लिहिलेले असताना एकावरच खूण करून मूल पुढे जाते. त्याला दुसरेही ठाऊक असते, पण प्रश्न पुरता वाचलेला नसतो. गणिताच्या पहिल्या पेपरात अर्ध्या तासात चाळीस गुणांची उदाहरणे सोडवावयाची असतात. एखादी हुशार मुलगी सातव्या उदाहरणापाशी अडते आणि तेथेच बारा मिनिटे बसून राहते. ते सोडून पुढे जाणे तिला पळपुटेपणा वाटतो. तिला कोणी सांगितलेलेच नसते की पुढे जाऊन परत येता येते.

प्रश्न दोनदा वाचावा. विचारले काय आहे त्याखाली रेघ मारावी. समासात किती गुण छापले आहेत ते पाहून तितके मुद्दे लिहावेत. अडले तेथे खूण करून पुढे जावे. भागाकार केला की गुणाकाराने ताळा करून पाहावा. रीत कागदावर दिसू द्यावी, कारण काही प्रश्नांत उत्तर चुकले तरी योग्य रीतीला एक गुण मिळतो. यात चोरवाट कोठे आहे? मुलाला जे येते तेच कागदावर उतरावे एवढाच याचा हेतू. आम्ही याला नीटनेटकेपणाच्याच घरात बसवू.

शिवाय यात न्यायाचाही प्रश्न आहे. ज्या घरात आईबाप येथल्याच शाळांत शिकले, त्यांना हे सारे न सांगता ठाऊक असते. ज्यांच्या खिशात पैसा आहे ते तासाला भरपूर पौंड मोजून शिकवणी लावतात. उरते ते नुकतेच येथे आलेले घर, जेथे आईला मराठी येते आणि इंग्रजी कामापुरते येते. त्या घरच्या मुलाला शाळेनेही तंत्र शिकवले नाही, आणि आजी-आजोबांनीही ते हलके मानले, तर ते फक्त पैसेवाल्यांकडेच राहणार. तत्त्वनिष्ठा म्हणून आपण जे टाळतो त्याची किंमत दुसऱ्याचे मूल भरते, हे आमच्या मते बरोबर नव्हे.

आम्ही ज्या गावात राहतो त्या गावाने हा वाद फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे, म्हणून थोडे त्याविषयी. येथील विद्यापीठाची गणिताची ट्रायपॉस परीक्षा एकोणिसाव्या शतकात जगप्रसिद्ध होती. पहिल्या वर्गात येणाऱ्यांना 'रँग्लर' म्हणत आणि त्यांची नावे क्रमवार जाहीर होत. पहिला तो 'सीनियर रँग्लर'. या परीक्षेची तयारी करून घेणारे खाजगी शिक्षक गावात असत. त्यांतील एडवर्ड राउथ यांच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले. हे राउथ स्वतः १८५४ साली पहिले आले. त्या वर्षी दुसरे कोण होते? जेम्स क्लार्क मॅक्सवेल. विद्युत् आणि चुंबकत्व यांची सांगड घालून ज्यांनी पदार्थविज्ञानाचा पायाच नव्याने घातला तेच. १८४५ साली पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेले विल्यम टॉमसनही दुसरेच आले होते. परीक्षेने खोटे सांगितले असे नाही. त्या आठवड्यात, त्या प्रश्नांना, तेवढ्या वेळात राउथ अधिक चांगले ठरले, इतकेच तिने सांगितले. लोकांनी मात्र त्यातून बरेच अधिक ऐकले.

आपल्या कोकणातील दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली याच परीक्षेत दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या जोडीने पहिले आले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुण्यात आणि मुंबईत जो आनंद झाला त्याची खूण अशी की महाराष्ट्र त्यांना जन्मभर 'रँग्लर परांजपे' म्हणूनच ओळखत राहिला. फर्ग्युसन कॉलेजचे ते प्राचार्य झाले, कायदे मंडळात गेले, मंत्री झाले, पण नावामागे चिकटली ती परीक्षा. यात वाईट काही नाही. त्या काळी राज्यकर्त्यांच्या घरात जाऊन त्यांच्याच पेपरात पहिले येणे याला मोठा अर्थ होता.

याच यादीच्या तळाला जो असे त्याला त्याचे सोबती लाकडी चमचा देत. पदवीदानाच्या वेळी सेनेट हाउसच्या सज्जातून तो सर्वांसमक्ष खाली सोडला जाई. शेवटचा चमचा १९०९ सालचा. तो वल्ह्याचा केलेला होता. त्यानंतर विद्यापीठाने क्रमांक जाहीर करणेच बंद केले आणि नावे फक्त वर्गवारीने लावण्यास सुरुवात केली. या बदलासाठी झटणाऱ्यांपैकी जी. एच. हार्डी हे स्वतः १८९८ साली चौथे आले होते. त्यांचा आक्षेप असा की तरुण मुलांची सर्वांत उमेदीची वर्षे पेपरचे डावपेच शिकण्यात जातात आणि खरे गणित बाजूला राहते. विशी-बाविशीच्या मुलांबाबत ज्या विद्यापीठाने हे ओळखले त्याच्याच सावलीत आज दहा वर्षांच्या मुलाला 'तुझा कितवा नंबर?' असे विचारले जाते.

तथापि परीक्षेची एक चांगली बाजूही याच गावी दिसते, आणि ती विसरू नये. १८५८ साली विद्यापीठाने शाळकरी मुलांच्या परीक्षा घेण्यासाठी एक मंडळ नेमले. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी 'सीनियर केंब्रिज' हे नाव असे ते याच मंडळाच्या परीक्षेचे. १८६५ पासून मुलींनाही या परीक्षांना रीतसर बसू देण्यात आले. मुलींना गणित झेपत नाही असे म्हणणाऱ्यांना त्या निकालांनी उत्तर दिले. १८९० साली न्यूनम कॉलेजची फिलिपा फॉसेट ट्रायपॉसमध्ये सीनियर रँग्लरच्याही वर आली. पण ती स्त्री म्हणून यादीत क्रमांक नाही, पदवीही नाही. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ साली. तरीसुद्धा तिचे गुण कोणाला पुसता आले नाहीत. ज्याला दाराबाहेर उभे केले आहे त्याच्या हाती परीक्षा हे कधीकधी एकमेव साधन असते. आपल्याकडे खेड्यातील पोराने व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन मास्तरकी मिळवली, चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत नाव आणले, ती हीच कथा. म्हणून परीक्षाच नको असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही.

आता तंत्रातला तो भाग, जेथे नीतीचा प्रश्न खरोखरच उभा राहतो. सॅट्समध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. साहजिकच प्रत्येक शिक्षक सांगतो की रिकामे काही सोडू नका, येत नसेल तर अंदाजाने खूण करा. आमच्या वर्गात एका मुलीने एकदा विचारले, "मला येत नव्हते, मी डोळे मिटून खूण केली आणि ती बरोबर निघाली, तर तो गुण माझा का?" सगळा वर्ग हसला. ती मात्र हसली नाही.

आम्हांस हा प्रश्न मोठमोठ्या ग्रंथांतल्या प्रश्नांच्या तोडीचा वाटला. खूण करणे म्हणजे शपथ घेणे नव्हे. चार पर्याय दिले की चारांतून एकदा नशिबाने बरोबर येणार, हे पेपर काढणाऱ्यालाही ठाऊक असते आणि त्याने ते गृहीत धरलेले असते. तेव्हा परीक्षकाची फसवणूक होत नाही. धोका आहे तो मुलालाच. बरोबर निघालेला अंदाज दोन दिवसांत 'मला येते' असा वाटू लागतो. मोठी माणसेही नशिबाने मिळालेल्या गोष्टींबाबत हेच करतात, आणि वय वाढते तशी ही सवय जात नाही.

म्हणून आम्ही वर्गात एक रीत घातली. सरावाच्या पेपरात अंदाजाने उत्तर लिहिले की त्याच्या बाजूला पेन्सिलीने ठिपका द्यावयाचा. तपासताना ठिपक्याचे उत्तर बरोबर निघाले तरी पेपरावर गुण मिळे, पण मुलाच्या वहीत तो जमा होत नसे. वहीत दोनच आकडे : ठिपक्यावाचून किती बरोबर, आणि ठिपके किती. प्रथम मुले ठिपके लपवीत. एकमेकांच्या कागदांत डोकावण्याची सवय असते ना. परंतु वहीतला आकडा आम्ही कोणाला वाचून दाखवत नाही हे ध्यानात आल्यावर ती सढळ हाताने ठिपके देऊ लागली. एका मुलाच्या पेपरावर तर गोवर उठल्यासारखे ठिपके होते. त्याच्या आईला ते पाहून धक्का बसला. आम्ही म्हटले, बाई, आता कोठे आम्हांला कळले की याला काय शिकवावयाचे आहे.

याच ठिपक्यांवरून ध्येय ठरवण्याकडे येतो, कारण हल्ली शाळांत या शब्दाचा फार गवगवा आहे. प्रत्येक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर त्याचे 'टार्गेट' चिकटवलेले असते. सॅट्समध्ये मिळालेल्या गुणांचे एका निराळ्या मापात रूपांतर करतात. हे माप ऐंशीपासून एकशेवीसपर्यंत असते, शंभर म्हणजे अपेक्षित पातळी आणि एकशेदहा म्हणजे उत्तम. हे रूपांतर परीक्षा झाल्यानंतर ठरते. पेपर कठीण असेल त्या वर्षी कमी गुणांना शंभर मिळतात, सोपा असेल तर जास्त लागतात. २०२३ सालचा वाचनाचा पेपर इतका जड होता की मुले रडली, मुख्याध्यापकांनी तक्रारी केल्या आणि वर्तमानपत्रांत ते गाजले. मग दहा वर्षांच्या मुलाने 'माझे ध्येय एकशेपाच' असे लिहिले तर त्याने नेमके काय करावयाचे? ज्याचे माप त्याच्या हाती नाही त्याचे ओझे तेवढे त्याच्या हाती येते.

'या आठवड्यात अपूर्णांकांच्या उदाहरणांतले ठिपके सहाचे चार करीन' हे मात्र त्याला करता येते. ते झाले की नाही हे त्याला स्वतःला मोजता येते, दुसऱ्याच्या मुलाने किती केले याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि नाही झाले तर कोठे अडले ते दिसते. चौथीच्या मुलांची येथे पाढ्यांची चाचणी होते, पंचवीस प्रश्न आणि प्रत्येकाला सहा सेकंद. (पावकी-निमकी घोकलेल्या आमच्या वाचकांना बारापर्यंतच्या पाढ्यांचे हे कौतुक पाहून हसू येईल.) तेथेही 'पंचवीसपैकी पंचवीस' यापेक्षा 'सातचा आणि आठचा पाढा या पंधरवड्यात' असे म्हटले की मूल कामाला लागते.

ध्येय कोणाचे, हा मात्र याहून अवघड प्रश्न आहे. आपण परदेशी आलेली माणसे. कोणी गिरणीची नोकरी सोडून आले, कोणी रेल्वेची. येथे किंवा इस्रायलला आल्यावर शिकलेल्या माणसांनीही कारखान्यांत पाळ्या केल्या. मनात एकच, मुलांचे चांगले व्हावे. ही इच्छा निर्मळ आहे. पण ती मुलाला कशी सांगितली जाते ते पाहा : "तुझ्यासाठी आम्ही एवढे केले." हे वाक्य खरे असले तरी दहा वर्षांच्या मुलाने त्याचे काय करावे? त्याने देश सोडा असे सांगितले नव्हते. ते ऋण एका मे महिन्यात चार दिवसांत फेडण्यासारखे नाही, आणि मुले मात्र तसे समजतात.

असा एक मुलगा आमच्या हाताखाली होता. मराठी घरातला, गणितात तल्लख. लिहिलेले उत्तर तो खोडरबराने पुसून पुन्हा लिही, पुन्हा पुसे. एकदा कागदाला भोक पडले. चौकशी केली तेव्हा कळले की घरी एकशेदहाचा आकडा ठरलेला होता आणि त्यासोबत आईच्या रात्रपाळ्यांचा हिशेबही रोज ऐकवला जात होता, प्रेमानेच. आम्ही आईला बोलावले. ती समंजस बाई. तिने एवढेच कबूल केले की परीक्षा होईपर्यंत आकडा काढावयाचा नाही आणि ध्येय मुलाने स्वतः ठरवावयाचे. त्याने काय ठरवले? 'पेपर पुरा होईपर्यंत खोडरबर दप्तरातच ठेवीन. चुकले तर एक रेघ मारीन.' आमच्या सुचवण्यापेक्षा ते अधिक नेमके होते. दोन आठवडे त्याने ते पाळले. पहिल्या दिवशी हात दप्तराकडे जाई, मग जाईनासा झाला. पुढे त्याला किती मिळाले हे आम्ही मुद्दामच येथे लिहीत नाही. वाचताना प्रथम तेच विचारावेसे वाटले असेल, तर आपणा सर्वांच्या अंगी ही खोड किती मुरली आहे याची कल्पना यावी.

या बाबतीत सर्वच दोष घरांचा नाही. केंब्रिजमध्ये १९७४ साली ग्रामर शाळा बंद झाल्या. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची दोन प्रकारच्या शाळांत वाटणी करण्याची पद्धत येथे तेव्हापासून नाही. केंट आणि बकिंगहॅमशायरसारख्या परगण्यांत ती अजून आहे. म्हणजे आमच्या गावी सॅट्समध्ये कमी मिळाले म्हणून सरकारी माध्यमिक शाळेतील जागा जात नाही. मग ही परीक्षा कोणाची? बहुतांशी शाळेची. निकाल प्रसिद्ध होतात आणि शाळांची तुलना होते. त्यातून एक गोष्ट घडते जी पालकांना ठाऊक नसते. एका शाळेत, नाव घेण्याचे कारण नाही, आम्हांला वर्गातील मुलांची यादी तीन भागांत करून मागितली गेली. शंभरच्या वर सहज जाणारी, शंभरच्या पुष्कळ खाली राहणारी, आणि अगदी सीमेवरची. जास्तीचे तास फक्त सीमेवरच्या मुलांना द्यावयाचे, कारण आकडा हलतो तो त्यांच्यामुळेच. तळाच्या मुलाने कितीही मजल मारली तरी शाळेच्या टक्केवारीत ती दिसत नाही. हिशेब म्हणून यात चूक नाही. पण ज्या मुलाला सर्वांत जास्त गरज त्याला सर्वांत कमी वेळ, हे आम्हांस पटले नाही. आम्ही तसे सांगितले आणि आमच्या वर्गातल्या तळाच्या पाच मुलांना जेवणाच्या सुट्टीत बसवू लागलो. त्याबद्दल कोणी रागावले नाही, कोणी कौतुकही केले नाही.

सात वर्षांच्या मुलांच्या सॅट्सची सक्ती २०२३-२४ पासून उठली आहे. भारतात पाचवी-आठवीत मुलांना मागे ठेवावे की नाही यावर २०१९ साली शिक्षण हक्काचा कायदाच दुरुस्त झाला. इस्रायलमध्ये बुद्धिमान मुलांच्या वर्गांसाठी दुसरी-तिसरीतच चाळणी लागते. नियम असे येतात आणि जातात. आपल्या नातवंडांना त्यांतून जावेच लागणार, तेव्हा त्यांना पोहरा नीट धरावयास शिकवावे, ठिपके मोजावयास शिकवावे, आणि संध्याकाळी घरी आल्यावर 'किती मिळाले' यापूर्वी 'कोणता प्रश्न आवडला' असे एकदा तरी विचारून पाहावे. मुले प्रथम संशयाने पाहतात. मग सांगू लागली की थांबत नाहीत.

आणि पालकांनी शाळेलाही दोन गोष्टी जरूर विचाराव्यात : आमचे मूल सीमेवरच्या यादीत आहे काय, आणि या दोन महिन्यांत विज्ञान, संगीत आणि चित्रकलेचे तास होत आहेत काय. नम्रपणे विचारले तर शाळा उत्तर देतात, असा आमचा अनुभव आहे. आमच्या साऱ्या नोकरीत हे विचारण्यास आलेले पालक बोटांवर मोजण्याइतकेच होते.